वर काय आणलं?

पंचवटी एक्स्प्रेसच्या पासधारकांना हा प्रयोग फुकटात करता येतो. नाशिकरोडला पाणी पिऊन संपवायचं, रिकाम्या बाटलीचं झाकण घट्ट पिळायचं आणि ती पिशवीत टाकून द्यायची. कसारा घाट उतरून गाडी कल्याणला लागते तोवर बाटलीच्या पोटाला खड्डा पडलेला असतो. संध्याकाळी परतताना दादरला घेतलेली वेफर्सची पुडी इगतपुरीला टम्म फुगते. आपलं नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, म्हणून इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा-सात टक्क्यांनी कमी. एवढ्याशा फरकानं कानाला दडे बसतात, तान्ही मुलं घाटात किंचाळतात. पाण्यात हाच फरक पडायला पाऊण मीटर पुरतो. छातीइतक्या पाण्यात बसकण मारली की कसारा घाट उतरून झाला.

दाब ही माझी रोजीरोटी आहे. अंबडच्या एमआयडीसीत आम्ही व्हॉल्व्ह बनवतो, आणि बनवलेला प्रत्येक व्हॉल्व्ह दाबाखाली तपासून मगच बाहेर सोडतो. गेजचा काटा जागचा हलला की माझं पोटही हलतं. त्यामुळे वयाच्या चाळिशीत मला स्कूबाचं, म्हणजे पाठीवर सिलिंडर घेऊन पाण्याखाली उतरण्याचं, वेड लागलं तेव्हा घरच्यांना धक्का बसला, पण कारखान्यातल्या कोणालाच बसला नाही. "नाशकात कुठला आलाय समुद्र?" हा प्रश्न मात्र अजूनही लग्नाकार्यात हमखास येतो. नाशकात समुद्र नाही, गोदावरी आहे. पोहायला मी तिथेच शिकलो, अण्णांच्या हाताखाली. अण्णा म्हणजे गंगेवरचे, म्हणजे आमच्या गोदावरीवरचे, जुने पट्टीचे पोहणारे. बुडणाऱ्याला काढणं आणि बुडालेल्याला शोधणं यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांच्याबद्दल पुढे येईलच.

सुरुवात सगळ्यांची होते तशी मालवण-तारकर्लीला झाली. मग अंदमान, मग कर्नाटकातलं नेत्राणी बेट. तिथवर सगळं सुट्टीतल्या मौजेसारखं होतं. एक पथ्य मात्र घाटावरच्या माणसानं तेव्हापासूनच पाळायला हवं, आणि ते फार थोडे लोक सांगतात. डाइव्हनंतर लगेच विमानात बसू नये हे सगळ्यांना पाठ असतं, कारण अंगात विरघळलेला नायट्रोजन दाब उतरला की बुडबुड्यांच्या रूपानं बाहेर पडायला बघतो. पण विमानप्रवासाची ही पथ्यं साधारण ६०० मीटर उंचीच्या पुढे लागू धरतात, आणि मालवणहून घरी येताना आंबोलीचा घाट सातशेच्या घरात जातो. म्हणजे संध्याकाळी पाण्याबाहेर पडून रात्री गाडी काढणारा घाटावरचा पाहुणा एका अर्थी विमानातच बसलेला असतो. मी मालवणात मुक्काम वाढवतो, सोलकढी पितो आणि बायकोला फोनवर शास्त्रीय कारण सांगतो.

साधं स्कूबा आणि टेक्निकल डाइव्हिंग यांच्यातला फरक खोलीचा आहे असं लोकांना वाटतं. खोली त्यात आहेच. मौजेच्या डाइव्हिंगची मर्यादा ४० मीटर मानतात. पण खरा फरक डोक्यावरच्या छताचा. वीस मीटरवर मासे बघणाऱ्या माणसाला काही बिनसलं तर तो सावकाश का होईना, थेट वर येऊ शकतो. पन्नास मीटरवर वीस मिनिटं काढलेल्या माणसाला ती मुभा नसते. वर उजेड दिसतो, बोटीची सावलीही दिसते, पण मधे न दिसणारं छत असतं. ठरलेल्या खोलीवर ठरलेली मिनिटं थांबल्याशिवाय ते ओलांडायचं नाही. ओलांडलं तर सांधेदुखीपासून लकव्यापर्यंत काहीही होऊ शकतं.

हे छत पहिल्यांदा मोजलं ते जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञानं, ब्रिटिश नौदलासाठी, बकऱ्यांवर. बकऱ्या दाबाच्या टाकीत ठेवायच्या, दाब उतरवायचा आणि कुठली बकरी पाय उचलून धरते ते बघायचं. १९०८ साली त्याचा निबंध प्रसिद्ध झाला आणि टप्प्याटप्प्यानं वर येण्याची रीत पक्की झाली. त्याचा मुलगा जे. बी. एस. हाल्डेन आपल्याला जास्त जवळचा: १९५७ साली तो भारतात आला, इथला नागरिक झाला आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारला. दुसऱ्या महायुद्धात पाणबुडीतून सुटका कशी करायची याचे प्रयोग त्यानं स्वतःवर केले. दाबाच्या टाकीत आचके येऊन मणक्याला इजा करून घेतली. बापानं बकऱ्या घेतल्या, लेकानं स्वतःला घेतलं. आज माझ्या मनगटावरचा कॉम्प्युटर स्विस डॉक्टर ब्यूलमान यांचं गणित चालवतो. त्यात शरीराचे सोळा काल्पनिक कप्पे धरलेले आहेत. काही पाच मिनिटांत निम्मे भरतात, काहींना दहा तास लागतात. पण मुळाशी आहेत त्या बकऱ्याच.

छताखालचा दुसरा शत्रू म्हणजे श्वासातली हवाच. ५३ मीटरवर दाब वरच्या ६.३ पट. जमिनीवर मिनिटाला २० लिटर हवा घेणारा माणूस तिथे १२६ लिटर ओढतो. त्याच दाबाखाली नायट्रोजनची नशा चढते. ती दारूपेक्षा लबाड असते, कारण आपण झिंगलोय हे तिच्यात कळत नाही. गेजवरचा आकडा डोळे वाचतात, पण डोक्यापर्यंत त्याचा अर्थ पोचत नाही. म्हणून नायट्रोजन कमी करून हेलियम घालायचा. माझ्या पाठीवरच्या जोड सिलिंडरमध्ये १८ टक्के ऑक्सिजन, ४५ टक्के हेलियम आणि उरलेला नायट्रोजन होता. या मिश्रणाला ट्रायमिक्स म्हणतात. ते घेऊन ५३ मीटरवर डोकं साधारण २५ मीटरवर असल्यासारखं चालतं.

हेलियमचं आणि आपलं जुनं नातं. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यानं गुंटूरहून सूर्याचा वर्णपट पाहिला. त्याच वर्षी ऑक्टोबरात लॉकयर या इंग्रज शास्त्रज्ञाला इंग्लंडमधून त्या वर्णपटात एक अनोळखी पिवळी रेषा दिसली, ती हेलियमची. कोकणात विचाराल तर हेलियमचा शोध विजयदुर्गावरच लागला! किल्ल्यात ग्रहण बघायला बांधलेले म्हणून 'साहेबाचे ओटे' दाखवतात आणि १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा करतात. माझा त्याला विरोध नाही. ज्या वायूच्या एका भरण्यात घरचा महिन्याचा किराणा जातो, त्याच्यावर कोणीतरी हक्क सांगितलेला बरा. भारतात तो जवळजवळ सगळा बाहेरूनच येतो.

आणि एवढा खटाटोप कशासाठी? तर एका बुडालेल्या बोटीसाठी.

श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावर, मट्टकळप्पू म्हणजे बॅटिकलोआ गावासमोर, ५३ मीटर खोल हर्मीस पडलेली आहे. ब्रिटिश नौदलाची विमानवाहू नौका, लांबी ६०० फूट. विमानवाहू म्हणूनच कागदावर आखलेली जगातली ही पहिली नौका. तिचं बांधकाम १९१८ साली सुरू झालं, पण रेंगाळलं, आणि तेवढ्यात जपाननं आपली होशो १९२२च्या अखेरीस बांधून मोकळी केली. आखण्यात इंग्रज पहिले, पूर्ण करण्यात जपानी. वीस वर्षांनी हिशेब चुकता झाला तोही त्याच दोघांत.

एप्रिल १९४२. सिंगापूर पडलेलं, ब्रह्मदेश हातचा चाललेला. जपानी अ‍ॅडमिरल नागुमोचा ताफा हिंदी महासागरात शिरला. ५ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, कोलंबोवर हल्ला झाला आणि त्याच दिवशी डॉर्सेटशायर आणि कॉर्नवॉल या क्रूझर बुडाल्या. ६ तारखेला विशाखापट्टण आणि काकिनाड्यावर बॉम्ब पडले. ८च्या रात्री, हल्ला येतोय असं कळल्यावर, हर्मीस त्रिंकोमालीचं बंदर सोडून दक्षिणेकडे निघाली. तिची विमानं मात्र किनाऱ्यावरच राहिली. ९ तारखेच्या सकाळी ती परत फिरलेली असताना जपानी टेहळणी विमानानं तिला पाहिलं. मग बॉम्बफेकी विमानं आली आणि जेमतेम वीस मिनिटांत सगळं संपलं. विमानवाहू नौका, आणि अंगावर एक विमान नाही. ३०७ माणसं गेली, कॅप्टन ऑन्स्लो त्यांच्यातच. सोबतची ऑस्ट्रेलियन विनाशिका व्हॅम्पायर बुडाली. हॉलिहॉक नावाची छोटी लढाऊ नौका बुडाली, ब्रिटिश सार्जंट ही तेलवाहू बोटही बुडाली.

त्या वर्षांत नाशिकला युद्ध पोचलं होतं ते नोटेच्या रूपात. चांदी टंचाईची झाली म्हणून १९४० साली सरकारनं एक रुपयाची नोट पुन्हा काढली आणि ती आपल्या नाशिकरोडच्या छापखान्यात छापली. देवळालीच्या छावणीत गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत बसलेले असायचे. समुद्रावर काय चाललंय हे इथे बातमीतूनच कळायचं.

हर्मीसचं नाव मराठी वाचकाला ओळखीचं वाटत नसेल, पण तिच्या नावाची पुढची बोट आपण सगळ्यांनी पाहिली आहे. ब्रिटिश नौदलानं तेच नाव दुसऱ्या नौकेला दिलं, आणि ती १९८७ साली भारतात आली ती 'विराट' म्हणून. २०१७ साली ती निवृत्त झाली. २०१८ साली आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळानं तिचं सिंधुदुर्गात निवतीजवळ संग्रहालय करायचं मंजूरही केलं. पुढे ती अलंगला भंगारात गेली. पहिली हर्मीस शत्रूनं बुडवली म्हणून टिकली आणि दुसरी आपण जपायची ठरवली म्हणून तुटली, असं म्हणायचा मोह होतो. तो आवरतो, कारण तीनशे माणसांच्या बदल्यात टिकलेल्या लोखंडाबद्दल असं हलकं बोलू नये.

बॅटिकलोआचा समुद्र आपल्या पावसाळ्यात शांत असतो, कारण नैर्ऋत्य मोसमी वारा त्यांच्या डोंगरांमागे अडतो. यादवी संपेपर्यंत, म्हणजे २००९पर्यंत, इथे डाइव्हर फारसे फिरकलेच नाहीत. फायबरची बोट, यामाहाचं इंजिन, तमिळ बोलणारा नावाडी. माझ्यासोबत पुण्याची डॉक्टर मैत्रीण होती. पाण्याखाली माझ्यापेक्षा थंड डोक्याची आणि पाण्यावर माझ्यापेक्षा तापट.

आमच्यात एक नियम आहे आणि तो सगळ्या टेक्निकल डाइव्हरांत असतो. कोणीही, कधीही, कुठल्याही कारणानं अंगठा वर केला की डाइव्ह संपली. का, असं विचारायचं नाही. पाण्यात नाही, बोटीवर नाही, रात्री जेवतानाही नाही. एका सकाळी प्रवाह इतका होता की जहाजाला बांधलेला दोर उभा राहायच्या ऐवजी तिरपा ताणला होता. दहा मीटरवर तिनं अंगठा दाखवला, आम्ही वर आलो. हेलियम, बोटीचं भाडं, रजा, सगळं पाण्यात गेलं. दुपारी आम्ही इडिअप्पम खाल्ले आणि मुलांच्या शाळांवर बोललो. कारखान्यात हा नियम लावता आला असता तर निम्मे अपघात टळले असते; आमच्याकडे मशीन थांबवणाऱ्याला आधी कारण विचारतात, मग आवाज चढवून पुन्हा कारण विचारतात.

दुसऱ्या दिवशी पाणी थांबलं होतं. दोर धरून खाली जाताना आधी निळं, मग अधिक निळं, मग चाळिशीच्या अलीकडे त्या निळ्यात एक काळसर कड. बोट एका कुशीवर, अर्धी पालथी पडलेली आहे, त्यामुळे पहिल्यांदा दिसते ती तिची पाठ नाही, बूड. वर मच्छीमारांची तुटलेली जाळी लोंबतात. ती दिसायला मऊ असतात आणि डाइव्हरचा जीव घ्यायला पुरेशी मजबूत, म्हणून प्रत्येकाच्या पट्ट्याला कात्री असते. मोठे गोबरे मासे हलायलाही तयार नव्हते.

मी पत्र्याजवळ गेलो. शिंपल्यांचा आणि स्पंजाचा थर हातभर जाड असेल, पण एका जागी तो खरवडला गेला होता, बहुधा कोणाच्या नांगरानं. तिथे रिव्हेट दिसले. एका ओळीत, नंतर दुसऱ्या ओळीत, सारख्या अंतरावर. मी त्या धंद्यातला माणूस आहे. मला तोफ बघायची होती, मोठमोठे पंखे बघायचे होते, पण डोळे तिथेच अडकले. रिव्हेट घालायला चार जणांची टोळी लागायची: एक तापवणारा, एक झेलणारा, एक मागून अडसर धरणारा, एक ठोकणारा. लालभडक खिळा भोकात गार होताना आखडतो आणि दोन पत्रे एकमेकांत आवळतो. वेल्डिंग रुळायच्या आधीची ही बोट, म्हणजे अशा लाखो ठोक्यांची. त्या ओळीतले दोन रिव्हेट डोकं गळून पडून नुसती भोकं उरली होती. पत्र्याची कड माझ्या करंगळीइतकी उघडली होती, आणि त्या फटीत एक कोळंबी मिशा हलवत होती.

मैत्रिणीनं टॉर्चचं वर्तुळ माझ्या हातावर फिरवलं. वेळ झाली.

लोक विचारतात, खाली गेल्यावर काय वाटलं? खरं सांगायचं तर खाली काहीच वाटत नाही. खाली मी हिशेबनीस असतो. सिलिंडरमध्ये किती बार दाब उरला, किती मिनिटं झाली, मैत्रीण कुठे आहे, दोर कुठे आहे. गॅसचा तिसरा हिस्सा जायला, तिसरा यायला, उरलेला सोबत्यासाठी. ज्याला पन्नास मीटरवर भरून येतं त्याच्यासोबत मी पाण्यात उतरणार नाही. मग २१ मीटरवर गॅस बदलायचा. ही बाटली वेगळी: त्यात निम्मा ऑक्सिजन, तो जास्त खोलीवर घेतला तर विषारी ठरतो, आचके येतात, तोंडातलं रेग्युलेटर सुटतं आणि माणूस बुडतो. म्हणून बाटलीवर वीतभर उंचीच्या आकड्यात २१ लिहिलेलं. मी बाटली तिच्याकडे वळवतो. ती आकडा वाचते, माझ्या मनगटावरची खोली वाचते, बाटलीपासून माझ्या तोंडापर्यंत नळी बोटानं माग काढत येते आणि मगच मान हलवते. तिच्या वेळी मी. हे सगळं घाईत करायचं नसतं आणि प्रत्येक वेळी करायचं असतं.

आणि मग ६ मीटर. तिथे शुद्ध ऑक्सिजनवर लटकत राहायचं. वीस मिनिटं खाली, आणि त्याची फेड म्हणून पाऊण तास वर येण्यात, त्यातला मोठा हिस्सा इथे. काही करायचं नसतं. पाणी अठ्ठावीस अंश असूनही थंडी वाजायला लागते. हर्मीस मला भेटली ती इथे. पायांखाली नुसता निळा रंग होता, बोट तर कधीच दिसेनाशी झाली होती, आणि डोक्यात आकडे संपल्यामुळे जागा झाली होती. तेव्हा लक्षात आलं की मी आत्ता ज्या पाण्यात लटकलोय, त्याच पाण्यात, याच पातळीवर, त्या सकाळी माणसं होती. तेलानं माखलेली, विमानांच्या गोळ्यांखाली, वर डोकं काढायला धडपडणारी. वर जायचं असूनही न जाता थांबणारे बहुधा आम्ही डाइव्हरच तिथले पहिले.

नाशिकला परतल्यावर अण्णांकडे गेलो. गाडगे महाराज पुलाच्या अलीकडे त्यांचा ठरलेला कट्टा आहे. दुतोंड्या मारुती समोर. नाशिककरांना पुराची पातळी सेंटीमीटरमध्ये सांगून उपयोग नसतो. मारुतीच्या कमरेला, छातीला की डोक्यावरून, एवढंच आम्हाला कळतं. २०१९च्या ऑगस्टात मारुती पुरता बुडाला त्या दिवसांतही अण्णा काठावर उभे होते. त्यांची विद्या माझ्या नेमकी उलटी. सिलिंडर नाही, चष्मा नाही, पाणी चहासारखं गढूळ. कमरेला दोर, छातीत एक श्वास, आणि हातानं चाचपत जायचं.

मी फोटो दाखवले. त्यांनी मोबाइल लांब धरून पाहिले. मग विचारलं,

"वर काय आणलं?"

"काही नाही अण्णा. काही आणायचं नसतं. ती थडगं आहे."

"मंग गेला कशाला?"

त्यांच्या प्रश्नात टोमणा नव्हता. अण्णांच्या आयुष्यात माणूस खाली जातो तो काहीतरी वर आणायलाच. जिवंत मिळालं तर देवाची कृपा, नाही तर घरच्यांना निदान देह. त्यांनी काढलेल्या देहांमुळे किती घरांतलं रडणं सुरू होऊ शकलं, आणि कधीतरी थांबूही शकलं. ज्यांचा देहच मिळत नाही त्यांच्यासाठी लोक त्र्यंबकेश्वरी येऊन नारायणबळी करतात, कणकेचा पुतळा करून त्यालाच देह मानतात. आपल्या जिल्ह्यात असा हा पुतळ्यांचा शोक वर्षभर चालू असतो. तेव्हा तीनशे सात देह जिथे आहेत हे माहीत आहे, तिथे पैसे खर्चून जायचं, बघायचं आणि रिकाम्या हातानं यायचं, हे अण्णांना विचित्र वाटलं तर ते बरोबरच आहे.

मी त्यांना जावा समुद्राची गोष्ट सांगितली. फेब्रुवारी १९४२मध्ये तिथे बुडालेल्या डच युद्धनौका २००२ साली सापडल्या. २०१६ साली, पंचाहत्तराव्या स्मृतिदिनाची तयारी म्हणून डाइव्हर पुन्हा खाली गेले तर डी रॉयटर आणि जावा या दोन आख्ख्या नौका जागेवर नव्हत्या. तळाशी बोटीच्या आकाराचा खळगा तेवढा होता. भंगारवाल्यांनी पत्रा, तांबं, पितळ, सगळं उचलून नेलं होतं, आणि आतली माणसंही त्याच्याबरोबर गेली. मलेशियाच्या बाजूला प्रिन्स ऑफ वेल्स आणि रिपल्स या ब्रिटिश नौकांचे लचके असेच तोडले गेले. २०२३ साली मलेशियानं एक चिनी जहाज याच संशयावरून अडकवलं.

"म्हणजे तू पहारा द्यायला गेला होतास," अण्णा म्हणाले.

"पहारा नाही. खबर आणायला. कुठला पत्रा उघडला, काय ढासळलं, काय नाहीसं झालं. कोणी बघतच नसेल तर ती गेली तरी कळणार नाही."

हे मी अण्णांची समजूत काढायला म्हणालो नाही, माझं मतच ते आहे. त्याच मतापोटी मी आत शिरत नाही. पुष्कळ चांगले डाइव्हर आत जातात, रीळ लावून, दोर सोडत, शिस्तीत, आणि त्यांना मी नावं ठेवत नाही. पण हर्मीसच्या आतला गाळ एका फिनच्या फटक्यानं उठतो, सडलेला पत्रा बुडबुड्यांच्या आघातानंही सुटतो, आणि बाहेरून जे कळतं ते खबरीला पुरे आहे. आतून आणलेल्या फोटोंना लाइक जास्त मिळतात, एवढाच मला दिसलेला फायदा. आणि बोटीवर परतल्यावर पिशवीतून हळूच पितळेचं काहीतरी काढून दाखवणारे वीर सगळ्या समुद्रांवर भेटतात; त्यांच्याशी बोलणंही मी सोडलं आहे.

अण्णांनी मग धंद्याचे प्रश्न विचारले. दोर कसला, गाठ कुठली, ओढ किती.

"दिसतं किती?"

"वीस-पंचवीस मीटर."

"पंचवीस मीटर!" ते मोठ्यानं हसले. "मंग त्यात काय? आमच्याकडं हाताला हात दिसत न्हाई."

चहा आला. अण्णांनी बशीत ओतला, पण प्यायले नाहीत.

"तीनशे गेले म्हणतो. वाचले किती?"

"सहाशेच्या आसपास."

"कोणी काढले?"

मी सांगितलं. व्हिटा नावाची दवाखान्याची बोट जवळून जात होती. तिच्यावर जपान्यांनी बॉम्ब टाकले नाहीत. तिनं हर्मीस आणि व्हॅम्पायरच्या माणसांना पाण्यातून उचललं आणि कोलंबोला नेलं. मूळची ती बी.आय. म्हणजे ब्रिटिश इंडिया या जहाज कंपनीची, १९१४ सालची प्रवासी बोट. बी.आय.च्या बोटींवर डेकवर आणि बॉयलरपाशी राबणारे खलाशी आपलेच असत, रत्नागिरीकडचे, सुरतेकडचे, चितगावचे. त्या युद्धात व्यापारी बोटींवर मेलेल्या अशा हिंदी खलाशांची सहा हजारांच्या आसपास नावं एका नोंदवहीत आहेत. तिची एक प्रत मुंबईत, दुसरी चितगावला.

अण्णा पुढे सरकून बसले. "सहाशे माणूस तेलातून वर ओढायचं म्हणजे... भिजलेला माणूस हातातून निसटतो रे. आन वर विमानं. दोरानं हात सोलले असतील त्यांचे."

"असणारच."

"आन हे तू आत्ता सांगतोस? मगापासून त्या बोटीचा पत्रा, त्या बोटीचे खिळे, अन् काढणाऱ्यांचं चहा गार झाल्यावर?"

त्यांनी पोराला हाक मारून आणखी दोन चहा सांगितले.

"आता ते सांग. किती होड्या सोडल्या, तिथून."